खुराची दौत

हिंगोलीत आता घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. पत्ता सांगताना मात्र माणसे अजून रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा म्हणतात. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची ही छावणी. जनावरांचा दवाखानाही इथे होता. 1903 मध्ये कंटिंजंट भारतीय लष्करात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातून पुढे डेक्कन हॉर्स उभी राहिली.

त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना एक विलक्षण हौस होती. लाडका घोडा मेला की त्याचा खूर कापायचा, आतून पोकळ करायचा, चांदीने मढवायचा आणि मेजावर दौत म्हणून ठेवायचा. लंडनच्या रोलँड वॉर्डच्या पेढीने असल्या वस्तूंचा चांगला धंदा केला. नेपोलियनच्या मॅरेंगो या घोड्याच्या एका खुराची तर तपकिरीची डबी झाली.

खूर कापण्याला दुसरेही कारण असे. ब्रिटिश घोडदळात खुरावर नंबर डागलेला असायचा. रणात घोडा मेला की नालबंद कुऱ्हाडीने तो खूर तोडून आणी, कारण वहीतून घोडा वजा करायला पुरावा लागे. एकाच अवयवाची एकीकडे पावती, दुसरीकडे आठवण! मला दोन्हींत मालकीच दिसते. प्रेम खोटे होते असे नाही, पण ते मालकाचे प्रेम होते.

सगळेच तसे नव्हते. 1803 मध्ये आजच्या जालना जिल्ह्यात, असईच्या लढाईत, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या मांडीखालचा एक घोडा मेला, दुसरा घायाळ झाला. पुढे 1836 मध्ये त्याचा वॉटर्लूचा घोडा कोपनहेगन लष्करी इतमामात पुरला गेला. कुणीतरी त्याचा खूर कापून नेल्याचे कळताच म्हातारा भयंकर संतापला.

कंटिंजंटच्या स्वाराची गोष्टच वेगळी. पद्धत शिलेदारीची, घोडा सरकारचा नव्हे. चारा पगारातून, आणि मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घेता यावा म्हणून चंदाही पगारातूनच. त्याच्या दुःखात कर्जाची धास्ती मिसळलेली, चांदी कुठून मढवणार? आपल्याकडे जपली जाते ती नाल. जित्या घोड्याच्या टापेखाली झिजलेले ते लोखंड उंबरठ्यावर ठोकतात. मोहरमच्या सवारीतही नालच मिरवते. घोड्याने वापरलेली वस्तू ठेवावी, घोडा कापून ठेवू नये, ही रीत मला जास्त सभ्य वाटते.

रिसाल्यातल्या कुणाच्या माळ्यावर जुनी रिकीब, लगाम, नाल पडली असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि घोडा कोणाचा होता ते लिहून ठेवा.