काठावरचं अंडं

आमच्या घरी आजीचा एक सक्त नियम होता. भिंतीवरच्या फोटोमागं चिमणीनं घरटं केलं, की पोरांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. ‘अंड्याला माणसाचा हात लागला की चिमणी ते टाकून देते,’ असं ती सांगायची. विज्ञानाला हे फारसं मान्य नाही, पण त्या धाकानं आमचे उचापती हात आवरले गेले, हे खरं. डॉन मर्टन यांच्याविषयी वाचताना आजी आठवली. या गृहस्थांनी जन्मभर तोच उद्योग केला: पक्ष्यांच्या घरट्यात हात घालण्याचा.

मर्टन न्यूझीलंडचे, जन्म १९३९चा. त्यांच्याही गोष्टीत एक आजी आहे. लहानपणी गोल्डफिंच पक्ष्याचं पोरकं पिल्लू सापडलं, ते आजीच्या पाळलेल्या कॅनरीच्या हवाली केलं, आणि कॅनरीनं ते आपलंच समजून वाढवलं. पोराच्या डोक्यात ते पक्कं बसलं. पुढं सरकारी वन्यजीव खात्यात नोकरी, आडबाजूच्या बेटांवर तंबू, बोटी, पाऊस. आणि मग काळा रॉबिन.

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम नावाची बेटं आहेत. हा चिमणीएवढा, काळाकुळकुळीत पक्षी फक्त तिथला. माणसांबरोबर उंदीर आणि मांजरं आली आणि मोठ्या बेटांवरून तो संपला. उरला तो लिटल मँगेरे नावाच्या एका सुळक्यावर, आणि तिथलीही झाडी मरत चाललेली. १९७६ साली मोजदाद झाली, तर पक्षी सात. मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पकडून शेजारच्या मँगेरे बेटावर हलवले. तिथं त्यांच्यासाठी हजारो झाडं लावली होती. तरी १९८० उजाडेपर्यंत पाचच राहिले. त्यांत माद्या दोन, आणि पिल्लं वाढवू शकणारी एकच. तिच्या पायात ओळखीसाठी निळी कडी होती, म्हणून नाव ‘ओल्ड ब्लू’. आपण निळी म्हातारी म्हणू. काळा रॉबिन सहसा चार-पाच वर्षंच जगतो, हिनं तर नवव्या वर्षाच्या आसपास संसार मनावर घेतला.

कोकिळा कावळ्याला फसवून त्याच्याकडून आपली पोरं वाढवून घेते, हे आपल्याला ठाऊक आहे. मर्टन यांनी कोकिळेचं काम स्वतःकडं घेतलं. निळ्या म्हातारीची अंडी उचलायची आणि दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवायची. अंडी गेली की ती पुन्हा घालते, म्हणजे एका हंगामात दुप्पट पिल्लं. आधी एका वटवट्याच्या जातीवर भिस्त ठेवली. तो बिचारा पिल्लांना पुरेसं खाऊ घालू शकला नाही, ती दगावली. मग टॉमटिट नावाचा पक्षी धरला. पण तो दुसऱ्या बेटावर. म्हणजे अंडी ऊबदार पेटीत ठेवून, खवळलेल्या समुद्रातून बोटीनं न्यायची. हे जमलं.

जमलं म्हणेपर्यंत नवाच पेच उभा राहिला. परक्या घरी वाढलेली पोरं तिथलंच गाणं शिकली आणि मोठी झाल्यावर सोयरीकही टॉमटिटांत शोधू लागली. तेव्हा पिल्लं घरट्याबाहेर पडण्याआधीच ती पुन्हा रॉबिनच्या घरट्यात परत आणायची, असं ठरलं. मावशीकडं वाढवायचं, पण शहाणपण आईकडून शिकवायचं.

निळी म्हातारी तेरा-चौदा वर्षं जगली. तिच्या मृत्यूची बातमी न्यूझीलंडच्या मंत्र्यांनी जाहीर केली. आज जिवंत असलेला प्रत्येक काळा रॉबिन तिचाच वंशज आहे.

ही गोष्ट इथवर सांगून बहुतेक जण टाळ्या वाजवून थांबतात. मला तिच्या पुढचं पान जास्त विचारात पाडतं.

१९८४ साली बेटावरच्या माणसांना एका घरट्यात विचित्र प्रकार दिसला. वाटीसारखं घरटं, आणि अंडं वाटीत नाही, तिच्या काठावर. मादी नेहमीसारखी आत बसलेली, अंडं बाहेर थंड पडलेलं. असं अंडं उबत नाही. पण पक्षी इतके मोजके, की एकेक अंडं सोन्याच्या मोलाचं. समोरच्या माणसानं काय करावं? जे कुणीही केलं असतं तेच त्यानं केलं. बोटानं अलगद ते अंडं आत ढकललं. पुढं जिथं जिथं असं अंडं दिसलं, तिथं तिथं हेच चाललं.

शाळेत काठावर अडकलेल्या पोराला चार मार्कांचा टेकू देतात ना, तसंच हे. एकाला दिला तर पोराचं वर्ष वाचतं. इथं मात्र तो टेकू वारशानं खाली उतरत होता. काठावर अंडं घालण्याची खोड आईकडून लेकीकडं जाणारी निघाली, आणि एरवी आपोआप मागं पडली असती ती माणसाच्या बोटामुळं फोफावली. १९८९पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या. अजून काही वर्षं तसंच चाललं असतं, तर माणसाचं बोट हे या पक्ष्याचा एक अवयवच होऊन बसलं असतं.

तेव्हा पथकानं ठरवलं: आता ढकलायचं नाही.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. ज्या माणसानं दहा वर्षं थंडीवाऱ्यात एकेका अंड्यासाठी जीव टाकला, त्यानं समोर काठावर पडलेलं अंडं बघायचं, वहीत नोंद करायची आणि पुढच्या घरट्याकडं चालू लागायचं. संवर्धन म्हटलं की कड्यावरून पक्षी उतरवणारा वीर आपल्या डोळ्यांपुढं येतो. मला या धंद्यातली खरी परीक्षा त्या वहीपाशी दिसते. वही होती, कोणत्या मादीनं किती अंडी कुठं घातली याचा हिशेब होता, म्हणूनच आपली दया कुठं अंगलट येतेय ते त्यांना कळलं. नुसत्या कळवळ्यानं कळलं नसतं. (आपल्याकडं कबुतरांना पोत्यानं दाणे घालणाऱ्यांपैकी कुणी अशी वही ठेवत असेल, असं वाटत नाही.)

आणि आधीचं ढकलणं चूक होतं असंही नाही. पक्षी इतके मोजके असताना हात घातला नसता, तर आज बोलायला पक्षीच नसता. चूक झाली असती ती तेच बोट पन्नास वर्षं तिथंच ठेवलं असतं तर.

मर्टन २०११ साली गेले. २०१३ साली संशोधकांनी या सगळ्या नोंदी तपासून निष्कर्ष छापले. बोट काढून घेतल्यावर वीस-एक वर्षांत काठावर अंडी घालणाऱ्या माद्यांचं प्रमाण नऊ टक्क्यांपर्यंत खाली आलं होतं. चॅटम बेटांवर आता शेकडो काळे रॉबिन आहेत, आणि काठावर पडलेलं अंडं काठावरच राहतं.