विकलेले पीठ

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले, की आमच्या घरात एक वाद हटकून होतो. सौ. म्हणते, कपाट हलवा. मी म्हणतो, कपाटामागे पाहायला कोण येणार आहे? यावर ती जे म्हणते ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नसते. कपाट हलते, मागे तीन वर्षांपूर्वीची पेन्सिल, एक वाटाणा आणि जळमटांचा गोळा निघतो, आणि मी हरतो. पण प्रश्न मनात तसाच राहतो. जे दिसत नाही, त्याची जबाबदारी माणसावर किती?

या प्रश्नाचे एक उत्तर मला अंबरनाथच्या आमच्या शेजारच्या मावशींच्या स्वयंपाकघरात मिळाले. मात्र त्याच स्वयंपाकघरात मी पुढे चांगला तोंडघशीही पडलो.

मावशी बेने इस्रायल. म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेले लोक अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा आहे. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. भाषा मराठी, आडनावे गावावरून पडलेली, ‘कर’ जोडलेली. मावशींचे यजमान येथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. ते वारले, दोन्ही मुलगे इस्रायलला गेले, आणि मावशी एकट्या राहिल्या. मुले बोलावीत, तेव्हा त्या म्हणत, “तिकडं थंडी फार.” थंडी हे खरे कारण नसावे असा माझा तर्क आहे.

त्यांची साफसफाई चैत्राच्या सुमारास. आम्ही शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर काढीत बसलेले असू, तेव्हा मावशींच्या घरात चुना कालवला जाई. पेसाहचा सण, म्हणजे मराठी बायबलातला वल्हांडण, पौर्णिमेला सुरू होतो आणि इस्रायलबाहेर आठ दिवस चालतो. मिसर देशातल्या गुलामगिरीतून इस्रायल लोक सुटले त्याची ही आठवण. निघण्याची एवढी घाई, की मळलेले पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून या दिवसांत घरात खमीर नको. गहू, जव अशा पाच धान्यांपैकी कशाचेही पीठ पाण्याने भिजून आंबले, की ते वर्ज्य. खाणेच नव्हे, घरात असणेही वर्ज्य. बिनखमीर भाकरीसाठी पीठ भिजवल्यापासून ती भाजून निघेपर्यंत अठरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही, असा नियम. घड्याळ समोर ठेवून स्वयंपाक करणारी बाई मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली.

मावशी डबे उन्हात टाकीत, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेत, तांदूळ दाण्यादाण्याने निवडीत. सणाच्या शरबतासाठी काळ्या मनुका भिजत घालीत. काही नवी भांडी लागत, ती उल्हासनगरला जाऊन आणीत. तेथला एक म्हातारा सिंधी दुकानदार त्यांच्या ओळखीचा होता. न फुगलेल्या भाकरीची गोष्ट मावशींनी त्याला एकदा सांगितली. तो म्हणाला, ४७ साली माझी आई कणीक परातीत तशीच टाकून निघाली होती. पुढे कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकीत राहायला आल्यावरही ती त्या परातीबद्दल बोलत असे. त्या दिवशी त्याने मावशींकडून पातेल्याचे पैसे घेतले नाहीत. मावशी मात्र देऊनच आल्या.

कोकणात शेकडो वर्षे या लोकांपाशी धर्मग्रंथ नव्हते. सणांची हिब्रू नावेही विस्मरणात गेली होती. बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी जुनी नावे नोंदवून ठेवली आहेत. त्यांत या सणाचे नाव ‘अनाशी धाकाचा सण’ असे आहे. अनास म्हणजे तोंडी लावण्याच्या आंबट पाण्याचे भांडे. ते या दिवसांत झाकून ठेवायचे. मिसर विसरले, मोशे विसरला, आणि आंबटाचे भांडे झाकायचे तेवढे हातांना आठवत राहिले! कारण हरवले तरी कृती टिकते, आणि पुढे कधी तरी कारण परत येऊन तिला भेटते. १८४६ साली मुंबईत त्यांच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठीसह छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हग्गादात तर बिनखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत दाखवल्या आहेत. आपल्याकडे अर्थ कळल्याशिवाय आचार नको असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तरुणपणी मीही म्हणत असे. आता तितक्या जोरात म्हणत नाही.

सणाच्या आदल्या रात्री मावशी मेणबत्ती घेऊन घरभर खमीर शोधीत. कोनाडे, फळीची मागची कड, यजमानांच्या जुन्या कोटाचे खिसे. सापडेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी जाळायचे. आणि मग एक वाक्य म्हणायचे, त्याचा अर्थ त्यांनी मला सांगितला: माझ्या घरातले जे खमीर मी पाहिले आणि जे पाहिले नाही, ते सारे आता माझे नाही, ते मातीमोल आहे.

मी म्हणालो, “मावशी, ही तर पळवाट झाली. न सापडलेलं सगळं एका वाक्यात माफ.”

“आधी गुडघे टेकून शोधा मास्तर,” त्या म्हणाल्या, “मग वाक्य म्हणा. नुसतं वाक्य कोण ऐकतो?”

कपाटामागे पाहायचे, आणि पाहूनही जे राहील त्याचा जीव जाईपर्यंत घोर करायचा नाही. या दोन गोष्टींचा क्रम मात्र उलटायचा नाही. तत्त्वज्ञानाची पुस्तके मी फार वाचलेली नाहीत, पण वाचली त्यांत हे इतक्या थोडक्यात सांगितलेले मला आठवत नाही.

आता त्या पिठाकडे येतो. जे खमीर फेकवत नाही ते परधर्मीयाला विकण्याची सोय त्यांच्या शास्त्रात आहे. सगळ्याच घरांत असे करतात असे नाही, मावशी करीत. पाव-बिस्किटे मोलकरणीला देऊन टाकीत, आणि गव्हाच्या पिठाचा डबा, रवा, शेवया आमच्याकडे आणून ठेवीत. सव्वा रुपयाला सौदा. मी हसत हसत सव्वा रुपया देई. आठ दिवसांनी त्या तो परत देऊन डबा घेऊन जात. मला ही भातुकली वाटे. म्हातारीच्या मनाचे समाधान, दुसरे काय!

दहाबारा वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात बदलापूरहून मेहुणे सहकुटुंब आले. घरातले पीठ संपले होते, गिरणी बंद. सौ.ने मावशींचा डबा उघडला आणि पोळ्या केल्या. मला कळले तेव्हा मी अस्वस्थ झालो. दुसऱ्याची ठेव! दुसऱ्या दिवशी दळण आणून डबा होता तसा काठोकाठ भरून ठेवला आणि सौ.ला बजावले, बोलायचे नाही.

सण सरला. मावशींनी सव्वा रुपया ठेवला, डबा उघडला, चिमूटभर पीठ बोटांत चोळले.

“हे माझं पीठ नव्हे. माझं जाडसर असतं.”

मग मी सांगितले. मनात थोडी शेखीही होती, की पहा, शेरभर नेले आणि शेरभर भरून ठेवले. मावशींचा चेहरा उतरला.

“वापरलंत ते बरं केलंत. तुमचंच होतं. पण भरून का ठेवलंत?”

मला उत्तर सुचेना. त्याच पुढे म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या लेखी मी विकलंच नव्हतं. इतकी वर्षं मी खोटंच बोलत होते, असं तुम्ही धरून चाललात.”

मी ज्याला प्रामाणिकपणा समजत होतो, त्याच्या तळाशी केवढा तुच्छपणा होता! तिचा व्यवहार मी कधी खरा मानलाच नाही. आपल्या श्रद्धा तेवढ्या श्रद्धा आणि शेजाऱ्याच्या त्या गमती. सांभाळून घ्यायच्या, मनावर घ्यायच्या नाहीत. याला मी सहिष्णुता म्हणत होतो. कपाटामागे हेच पडून होते, आणि मेणबत्ती दुसऱ्याच कोणाला तरी धरावी लागली.

मावशींचे सारेच मला पटते असे मात्र नाही. एका वर्षी त्या दिवसांत सौ. वाटीभर आमटी घेऊन गेली. मावशींनी ती दारातूनच परत पाठवली. सौ. रडत आली. “आमची वाटी बाटलेली का?” सोवळ्याओवळ्याच्या नावाने या महाराष्ट्रात माणसांना उंबऱ्याबाहेर किती पिढ्या उभे केले आहे, हे शाळामास्तराला सांगायला नको, ती जखम चटकन दुखते. संध्याकाळी मावशी स्वतः आल्या. म्हणाल्या, “वाटी नाही गं, वाटीला लागलेला पाव. तू ये ना, तू कधी नको म्हटलंय तुला?” त्यांच्या पोथीच्या सुरुवातीलाच, जो भुकेला असेल त्याने येऊन जेवावे, असे आमंत्रण आहे, आणि त्या रात्री आम्ही दोघे त्यांच्याच पाटावर बसलो होतो, हेही खरे. तरी वस्तू वर्ज्य आणि माणूस वर्ज्य यांतली रेघ फार बारीक असते. मावशींनी ती सांभाळली. सगळ्यांना सांभाळता येते असे मला वाटत नाही.

पुढच्या चैत्रात त्या डबा घेऊन येतील की नाही, याची मला धास्ती होती. आल्या. मी घरातून तराजू आणला, पीठ तोलले, बाजारभावाने हिशेब मांडला. तो बराच झाला. मावशी कागदाकडे पाहत राहिल्या.

“एवढे पैसे मी परत कुठून देऊ, मास्तर?”

“नाही दिलेत तर डबा आमचा,” मी म्हणालो.

त्या खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या. आतून सौ.ने विचारले, “मावशी, उद्या पोळ्यांना यातलं घेऊ का?”

“मला काय विचारतेस?” मावशी पदर सावरीत उठल्या. “मालकाला विचार.”