शिदोरी आणि ऋण

प्रवासाला निघताना शिदोरी किती बांधावी हा प्रश्न वरवर पाहता घरातील बायकांचा. परंतु थोडे खोल गेल्यास तो नीतीचाही आहे, असे मला वाटते. आपल्या मुलखात तो फारसा निकडीचा होत नाही. गाडी चुकली, पाऊस लागला, तरी पुढल्या गावी कोणाची तरी ओळख निघते; न निघाली तर धर्मशाळा असते. जेथे पुढले गावच तीनशे-चारशे किलोमीटरांवर आहे, तेथे मात्र तो टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग, ज्याला तिकडील लोक आउटबॅक म्हणतात, हा असाच प्रदेश आहे. आपल्यापैकी काही कुटुंबांतील मुले-मुली आज मेलबर्न-सिडनीला नांदत असतील. सुट्टीत मोटारीमागे तंबूचा ट्रेलर जोडून तीही या वाटांना जात असतील. तेव्हा हा विचार अगदीच परका मानण्याचे कारण नाही.

या ट्रेलरची रचना मोठी मौजेची असते. दोन चाकांच्या पेटाऱ्यात घडीचा तंबू, अंथरुणे, चूल, शीतपेटी आणि पोटाशी पाण्याची टाकी असते. उतरल्यावर कडी काढून उघडले की अर्ध्या घटकेत घर उभे राहते. पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. उन्हाळी हवेत माणशी दिवसाला दहा लिटर पाणी धरावे, असे जाणते सांगतात. दोघांना सात दिवसांचे पाणी म्हणजे १४० लिटर. आणि लिटरला एक किलो या मानाने १४० किलो. हे ओढण्यास जास्त इंधन, त्या इंधनाचे वजन वेगळे, आणि ते ओढण्यास पुन्हा इंधन! वाट पन्हळी पत्र्यासारखी. तासन् तास त्या हादऱ्यांनी ट्रेलरच्या कमानी तुटतात, टाकीला चीर जाते. म्हणून सगळे पाणी एका टाकीत ठेवू नये, हा तिकडचा पहिला धडा. वाळूत चाके रुतली की टायरातील हवा कमी करावी आणि तेवढ्याने भागले नाही तर ट्रेलर सोडून मोटार आधी बाहेर काढावी, हा दुसरा. ज्याने सुरक्षित राहावे म्हणून ओझे घेतले, त्याला सुटकेसाठी प्रथम ते ओझेच सोडावे लागते!

मग इतके ओझे घेण्यामागील भाव कोणता? उत्तर ठरलेले आहे : स्वावलंबन. कोणापुढे हात पसरावा लागू नये. हा शब्द आपण शाळेपासून सद्गुण म्हणून शिकलो आणि मलाही तो प्रिय आहे. परंतु त्याच आउटबॅकमध्ये त्याची एक विलक्षण परीक्षा होऊन गेली.

२० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नहून एक मोहीम निघाली. खंडाचा मध्य ओलांडून उत्तर समुद्र गाठावयाचा होता. नायक रॉबर्ट बर्क. पुढे त्याचा दुय्यम झाला तो विल्यम विल्स. बरोबर सुमारे वीस टन सामान. दोन डझन उंट कराचीहून जहाजाने मुद्दाम आणविलेले. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात होता, तेव्हा आपला एवढा धागा त्या कथेला आहे. सामानात टेबल-खुर्च्या होत्या, चिनी घंटा होती, उंटांना पाजण्यासाठी म्हणून रमदेखील होती. यातील पुष्कळसे वाटेतच टाकावे अथवा विकावे लागले, हे सांगणे नकोच.

कूपर क्रीक या प्रवाहाकाठी तळ ठेवून बर्क, विल्स, किंग व ग्रे असे चौघे पुढे गेले, समुद्राच्या खाडीपर्यंत पोचले आणि परत फिरले. परतीच्या वाटेवर ग्रे मरण पावला. उरलेल्या तिघांनी अंगात त्राण नसता एक दिवस थांबून त्याला मूठमाती दिली. २१ एप्रिल १८६१ रोजी सायंकाळी ते तळावर पोचले, तर तळाची माणसे चार महिन्यांहून अधिक वाट पाहून त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. कूलिबा झाडाच्या बुंध्यावर खूण कोरून त्याखाली थोडे अन्न पुरलेले होते. त्या एका दिवसाविषयी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली आहे. माझ्या मते त्या सबंध मोहिमेत ज्याचा पश्चात्ताप करू नये, असा तोच एक दिवस होता. असो.

यापुढचे माझ्या प्रश्नाच्या गाभ्याचे आहे. जेथे हे तिघे उपासमारीने खंगत होते, तो प्रदेश निर्जन नव्हता. तेथे यांड्रुवांडा लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्यांच्याजवळ ट्रेलर नव्हता, उंट नव्हते. त्यांची शिदोरी म्हणजे त्यांचे ज्ञान. त्यांनी या परक्यांना मासे दिले, नार्डू नावाच्या पाणवनस्पतीच्या बीजकोशांची भाकरी दिली. किंगने पुढे सांगितल्याप्रमाणे, बर्कने एकदा मासे घेऊन आलेल्यांच्या हातांतील मासे उडवून दिले आणि त्यांच्या डोक्यांवरून गोळी झाडावयास लावली. घसट वाढू नये, हा त्यामागचा विचार. यानंतर ते लोक दूर गेले. गोरे स्वतःच नार्डू दळून खाऊ लागले. पण ती वाटून पाण्यात कालवण्याची रीत त्यांनी पाळली नाही. त्या बीजात शरीरातील जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे द्रव्य असते, आणि रीत पाळल्याने ते निष्प्रभ होते, असे आता अभ्यासक मानतात. पोट भरत होते आणि शक्ती ओसरत होती. जूनच्या अखेरीच्या सुमारास विल्स आणि बर्क दोघेही गेले.

किंग एकटा उरला. तो यांड्रुवांडांच्या मागोमाग गेला. त्याने त्यांच्यासाठी कावळे मारून दिले. एका बाईच्या हाताला जखम होती, ती गरम पाण्याने शेकून औषध लावले. तिने व तिच्या माणसांनी त्याला आपल्यात ठेवून घेतले. १५ सप्टेंबर १८६१ रोजी शोधपथकाला तो जिवंत सापडला. तिघांत अधिकार सर्वांत कमी त्याचा होता. घेताना लाज वाटावी इतका अभिमान बाळगण्याची त्याला ऐपतच नव्हती, असेही म्हणता येईल.

यावर कोणी वडीलधारे विचारतील, की मग शिदोरी न बांधता निघावे काय? तसे नव्हे. तिकडे वाटेत अडकलेल्यांच्या शोधाला जाणारे लोक पुष्कळदा स्वयंसेवक असतात. वस्ती मूठभर माणसांची, पाणी त्यांनाही मोजकेच. हौसेखातर निष्काळजीपणे निघणारा त्यांच्या तोंडचे काढून घेतो. पुरेसे पाणी नेणे हे मला त्या अनोळखी माणसाविषयीचे कर्तव्य वाटते. मात्र त्याच पाण्याच्या बळावर ‘मला कोणाची गरज नाही’ असे म्हणणे खोटे आहे. तिकडचा सर्वांत कडक नियमच पाहा : गाडी बंद पडल्यास ती सोडून चालत जाऊ नये. डिसेंबर १९६३ मध्ये बर्ड्सव्हिलच्या वाटेवर इंधन संपल्यामुळे मोटार सोडून गेलेले एका कुटुंबातील पाचही जण तहानेने मरण पावले. गाडीपाशी थांबावे, याचा अर्थ कोणीतरी येईल यावर विश्वास ठेवून थांबावे. नेलेले पाणी त्या वाट पाहण्यापुरते असते.

दुसऱ्याचे घेण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती सांगितल्याविना राहवत नाही. १९०६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड कॅनिंग गुरे हाकण्याच्या सुमारे १८५० किलोमीटरांच्या वाटेची पाहणी करण्यास निघाला. पाणवठे दाखविण्यासाठी त्याने तेथील मूळच्या लोकांना साखळीने बांधून बरोबर नेले. १९०८ मध्ये शासकीय आयोगापुढे चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला. आज त्या वाटेवर ट्रेलर आणू नये, असे प्रवाशांना बजावले जाते. वाळूच्या टेकड्या शेकड्यांनी आहेत. पण तेथील विहिरींना आजही क्रमांक आहेत, आणि त्या ज्यांच्याकडून कळल्या त्यांतील बहुतेकांची नावे प्रवाशाला ठाऊक नसतात. मागून घेणे कमीपणाचे वाटणाऱ्याला हिसकावून घेणे कमीपणाचे वाटत नाही, ही मनाची गती मला फार दिवस समजलेली नाही.

कूपरकाठचे ते कूलिबाचे झाड अद्याप उभे आहे. इनामिंका या लहानशा वस्तीपासून सुमारे ७० किलोमीटरांवर ते आहे. प्रवासी तेथे थांबतात, फलक वाचतात आणि जवळच ट्रेलर उघडून चहा ठेवतात. किंगला जगविल्याबद्दल मोहिमेच्या समितीने यांड्रुवांडांना चंद्रकोरीच्या आकाराचे धातूचे उरपट्टे दिले होते. त्यांपैकी एक कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो देऊन फार वर्षे लोटली नाहीत तोच त्या प्रवाहाच्या काठी गुरांचे वाडे बसले, आणि ज्यांनी परक्याला पोसले त्यांचे पाणवठे त्यांच्या हातून गेले.