परभृत आणि परभृत्

अमरकोशात कोकिळाचे एक नाव आहे परभृत आणि कावळ्याचे एक नाव आहे परभृत्. शेवटच्या ‘त’चा पाय मोडला, एवढाच काय तो फरक. पण अर्थ पार उलटा. एक दुसऱ्याने पोसलेला, तर दुसरा दुसऱ्याला पोसणारा.

पाठशाळेत हे नुसते घोकायचे. अर्थ डोळ्यांना दिसतो तो वैशाख-ज्येष्ठात, दारच्या आंब्यावर कावळा काटक्यांचे घरटे बांधतो तेव्हा. काळा कोकीळ जवळ येऊन ओरडतो, कावळे चिडून त्याच्या पाठीस लागतात आणि तेवढ्यात ठिपक्यांची मादी घरट्यात अंडे घालून पसार होते. (ओरडतो तो नर, कवी मात्र कोकिळेलाच गायला लावतात.) तिचे पिलू कावळ्याच्या पिलांआधी बाहेर येते आणि आधी चोच वासते. कावळी बिचारी भरवीत राहते.

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक बाई थांबल्या. म्हणाल्या, “महाराज, दिराची दोन पोरं मायबापाविना राहिली, ती मी पोटच्यासारखी वाढवली. आता शहरात असतात, सणालाही येत नाहीत. माझी कावळीच झाली म्हणायची! हे पुण्य म्हणू की फसगत?”

प्रश्न साधा नव्हे. पशुपक्ष्यांची भोगयोनी, त्यांना नवे पापपुण्य जडत नाही, असे शास्त्र सांगते. तेव्हा कोकिळेला चोर म्हणणे जितके व्यर्थ, तितकेच कावळीला साध्वी म्हणणे. ती पोसते, कारण तिला कळत नाही. पण माउली, पोरे कोणाची हे तुम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. जाणून केले, तिथे फसगत कसली?

“ते खरं हो, पण आठवण तरी ठेवावी की नाही?”

ठेवावी! निष्काम कर्माचा दाखला देऊन त्या माउलीचे दुःख खोटे ठरवणे मला पटत नाही. फळाची आशा धरू नको, हे करणाऱ्याला सांगितले आहे. घेणाऱ्याने ऋण विसरावे, अशी मोकळीक त्यात कुठे आहे? कोकिळाचे पिलू उडून गेले तर त्याला दोष नाही. माणसाच्या लेकराला आहे.

तिथेच एक तरुण बसला होता. त्याने चातकाचे काढले. पालखीच्या सुमारास हा काळापांढरा, शेंडीवाला पक्षी पावसाळी वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो. त्याची एकनिष्ठा आपण कीर्तनात गातो, पण त्याची मादीही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. मग दृष्टांत खोटा का? अहो, दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले, म्हणून कोणी त्यावर डाग शोधीत नाही. बाईंची कावळीही तशीच, पोसण्यापुरती खरी.

“मग वारीहून आले की मीच जाते त्यांच्याकडे,” बाई म्हणाल्या, “आणि तोंडावर विचारते.”