दास्य आणि संमति

आमच्या घरीं जुन्या कागदांचा एक गठ्ठा आहे. त्यांत माझ्या आजीनें आजोबांना लिहिलेलीं सात-आठ पत्रें आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाच्या शेवटीं 'आपली चरणदासी' असें लिहून तिनें सही केलेली आहे. घरांतल्या हल्लींच्या मुलींना ती सही वाचून हसूं येतें. एकीनें तर पुढें न वाचतां पत्र तसेंच खालीं ठेवून दिलें. मला हसूंही आलें नाहीं आणि रागही आला नाहीं. परंतु एक प्रश्न मात्र मनांत राहिला. ही सही त्या काळच्या पत्रलेखनांतील निव्वळ शिष्टाचार होती, कीं एका खऱ्या स्थितीचें तें अक्षरशः वर्णन होतें?

'दास' या शब्दाइतका दुतोंडी शब्द आपल्या भाषेंत क्वचितच असेल. समर्थांनीं तो आपल्या नांवांतच धारण केला, जनाबाईनें स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घेतलें, आणि नवविधा भक्तींत तर दास्याला स्वतंत्र स्थान आहे. त्याच भाषेंत पेशवाईच्या काळीं कुणबिणींची खरेदी-विक्री होत होती, आणि तिचे कागद किंमतीच्या आंकड्यांसह दप्तरांत पडून आहेत. जनाबाईही दासी आणि पैसे मोजून घेतलेली ती बाईही दासी! शब्द एक म्हणून वस्तु एक ठरत नाहीं, हें कोणीही मान्य करील. परंतु त्यांतील भेद नेमका कोठें आहे हें सांगूं लागलें म्हणजे तें वाटतें तितकें सोपें नाहीं असें आढळून येतें.

हा प्रश्न आज एका निराळ्याच रूपानें पुढें आला आहे. एकानें आज्ञा करावी व दुसऱ्यानें ती पाळावी असें उभयतांनीं राजीखुशीनें ठरवून राहणारीं कांहीं जोडपीं असतात. त्यांच्यांत धनी आणि दास हेच शब्द वापरले जातात; गळ्यांत पट्टा घालण्याचीही चाल कोठें कोठें आहे. बहुधा मर्यादा आधींच बोलून घेतलेल्या असतात, आणि जो उच्चारतांच सारें थांबलें पाहिजे असा एक शब्दही ठरलेला असतो. यावर एक पक्ष म्हणतो कीं, ज्या गुलामगिरीच्या उच्छेदासाठीं पिढ्यान् पिढ्या झगडल्या तिचीच ही हौसेनें केलेली पुनःस्थापना आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, जेथें संमति आहे तेथें गुलामगिरीचें नांवच काढूं नये. मला हे दोन्ही पक्ष उतावळे वाटतात. पहिला केवळ बाह्य चिन्हें पाहतो, आणि दुसरा संमति हा शब्द ऐकतांच विचार करणें थांबवितो.

प्रत्यक्ष माणसांकडे पाहिलें तर कांहीं उलगडा होईल. इंग्लंडमधील हॅना कल्विक ही बाई 1833 सालीं श्रॉपशायर परगण्यांत जन्मली आणि वयाच्या आठव्या वर्षापासून लोकांच्या घरीं मोलकरीण म्हणून राबूं लागली. 1854 मध्यें तिची आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थाशीं लंडनमध्यें गांठ पडली. तो कवि होता, बॅरिस्टरीची परीक्षा झालेला होता आणि एका सरकारी कचेरींत नोकरीस होता. या दोघांचें प्रेम जमलें. पण तें असें कीं, ती त्याला गुलामांच्या तोंडचा 'मासा', म्हणजे धनी, हा शब्द लावी, त्याचे जोडे पुशी, आणि गळ्यांत कुलूप घातलेली सांखळी वागवी, जिची किल्ली मन्बीजवळ असे. मनगटालाही ती चामड्याचा पट्टा बांधी. नोकरीच्या एका घरीं मालकिणीनें तो मळकट पट्टा काढावयास सांगितलें, तेव्हां हॅनानें तो काढला नाहीं. नोकरी मात्र गेली.

या लहानशा प्रसंगाकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. पोटासाठीं जिची आज्ञा पाळणें भाग होतें त्या मालकिणीला हॅनानें नकार दिला, आणि नकार देण्याचें कारण काय, तर दास्याचें चिन्ह! म्हणजे तिच्या आयुष्यांत दोन दास्यें होतीं. एक परिस्थितीनें गळ्यांत घातलेलें आणि दुसरें तिनें स्वतः घातलेलें. आणि पहिल्याशीं भांडण्याचें बळ तिला दुसऱ्यानें दिलें. हें वाचून मला प्रथम विलक्षण वाटलें होतें, आणि अजूनही तें पूर्णपणें समजलें आहे असें मी म्हणणार नाहीं.

1873 सालीं त्यांनीं गुप्तपणें लग्न केलें. 'बाईसाहेब' होऊन दिवाणखान्यांत बसण्याची तिला मुळींच हौस नव्हती. लग्नानंतरही ती त्याच्या बिऱ्हाडीं मोलकरणीचेंच काम करीत राहिली. पुढें 1877 मध्यें ती तें बिऱ्हाड सोडून निघून गेली आणि मरेपर्यंत दूरच राहिली. मन्बीच तिला भेटावयास जात असे. ती 1909 मध्यें वारली आणि तो 1910 मध्यें. तिच्या रोजनिश्या व फोटो त्यानें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या स्वाधीन केले होते, आणि त्याच्या इच्छेप्रमाणें त्या पेट्या 1950 सालीं उघडल्या गेल्या.

यांतील विपर्यास असा कीं, गळ्यांतील सांखळीनें हॅनाचा एकही हक्क गेला नव्हता. ती केव्हांही लोहाराकडे जाऊन ती तोडून घेऊं शकत होती, आणि मन्बीनें कज्जा मांडला असता तर न्यायाधीश हसला असता. तिचे हक्क जर कशानें कमी झाले असतील तर ते चर्चमधील त्या लग्नानें. कारण त्या काळच्या इंग्रजी कायद्यानें विवाहित स्त्रीचें स्वतंत्र अस्तित्व बऱ्याच अंशीं नवऱ्याच्या अस्तित्वांत विलीन होत असे. जें दास्यासारखें दिसत होतें त्यांत बंधन नव्हतें, आणि जें प्रतिष्ठेचें दिसत होतें त्यांत होतें.

ऑस्ट्रियन कादंबरीकार साखर-माझोख यानें तर याच्याही पुढें मजल मारली. 1869 सालीं फॅनी पिस्टर नांवाच्या बाईशीं त्यानें लेखी करार केला कीं, सहा महिने मी तुमचा गुलाम. पण त्या करारांतच अशीं कलमें आहेत कीं, बाईनें त्याच्या अब्रूस कमीपणा येईल असें कांहीं मागूं नये, रोज सहा तास त्याला स्वतःच्या कामासाठीं सोडावे, आणि त्याच्या पत्रांकडे व लिखाणाकडे पाहूं नये. गुलामीचे तास ठरलेले, मुदत ठरलेली, आणि टपाल खाजगी! वाचतांना हसूं येतें खरें. परंतु या हास्यास्पद कलमांतच सारें तत्त्व सांठविलेलें आहे.

आतां याच्या शेजारीं दुसरा कागद ठेवूं. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत लिडिया नांवाची एक गुलाम स्त्री होती. तिच्या मालकिणीनें तिला जॉन मॅन नांवाच्या इसमाकडे एक वर्षाच्या भाड्यानें दिलें होतें. कांहीं क्षुल्लक चुकीबद्दल तो तिला फटके मारूं लागला, तेव्हां ती पळाली. त्यानें थांबण्यास सांगितलें. ती थांबली नाहीं. त्यानें गोळी झाडून तिला जखमी केलें. खालच्या कोर्टानें मॅनला दोषी ठरविलें. पण तेथील वरिष्ठ कोर्टानें 1829-30 च्या सुमारास तो निकाल फिरविला. न्यायमूर्ति रफिन यांच्या निकालाचा आशय असा होता कीं, गुलामाची शरणागति पूर्ण व्हावयाची तर धन्याची सत्ता अमर्याद असली पाहिजे. हें तत्त्व आपल्यालाही कठोर वाटतें असें त्यांनीं त्याच निकालांत कबूल केलें आहे. मला वाटतें, गुलामगिरीचें इतकें प्रांजळ लक्षण तिच्या शत्रूंनींही केलें नसेल.

1877 मध्यें हॅना निघून गेली तेव्हां धन्यानें आगगाडीचें तिकीट काढलें. लिडिया पळाली तेव्हां गोळी सुटली, आणि कायदा गोळी झाडणाराच्या पाठीशीं उभा राहिला. फटक्यांचें दुःख, राबण्याचे कष्ट, आज्ञाधारकपणा, इतकेंच काय पण प्रेमसुद्धां दोन्ही ठिकाणीं कमीअधिक असूं शकेल. प्रेमळ मालक झाले नाहींत असें नाहीं, आणि स्वेच्छेच्या नात्यांतही निर्दय माणसें निघतात. म्हणून भेद पाहावयाचा तो वागणुकीच्या गोडीकडूपणांत पाहूं नये. 'मी आतां जातें' असें म्हटल्यावर पुढें काय होतें, तें पाहावें.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बलवान आहे. गुलामगिरीसुद्धां कांहीं जणांनीं स्वेच्छेनें पत्करली होती, त्याचें काय? नारदस्मृतींत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत 'मी तुझा' असें म्हणून आपण होऊन आलेला एक आहे आणि स्वतःला विकणारा दुसरा आहे. या दुसऱ्याला स्मृतिकारानें सर्वांत अधम म्हणून त्याची सुटकाही दुरापास्त केली आहे. अमेरिकेंत व्हर्जिनिया संस्थानानें 1806 सालीं असा कायदा केला कीं, मुक्त झालेल्या गुलामानें बारा महिन्यांच्या आंत संस्थान सोडून जावें. आणि 1856 मध्यें दुसरा असा केला कीं, स्वतंत्र निग्रोला पाहिजे असल्यास धनी निवडून पुन्हां गुलाम होतां यावें. आणि असे अर्ज खरोखरच आले! बायको आणि मुलें अजून गुलामगिरींत, आपण तेवढे मुक्त, आणि मुक्त राहावयाचें तर त्यांना कायमचें सोडून जावयाचें. अशा बापानें अर्जावर उठविलेला आंगठा ही संमति म्हणावयाची काय? कोर्टाच्या दृष्टीनें ती होती. माणसाच्या दृष्टीनें, एक दार बंद करून दुसऱ्या दारांतून आंत लोटण्याचाच तो प्रकार होता.

याच मुद्द्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानें 1982 सालीं दिलेला निकाल मला फार मोलाचा वाटतो. दिल्लींत एशियाड खेळांसाठीं जीं बांधकामें चाललीं होतीं त्यांवरील मजुरांचा तो खटला होता. न्यायमूर्ति भगवती यांनीं असें सांगितलें कीं, जो किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करतो तो बहुधा भुकेच्या व दारिद्र्याच्या सक्तीनेंच करतो, आणि म्हणून तीही घटनेच्या 23 व्या कलमानें मना केलेली वेठच होय. मजूर आपल्या पायांनीं कामावर आले होते, कोणी त्यांना बांधून आणलें नव्हतें. तरीही ती संमति न्यायालयानें पुरेशी मानली नाहीं. दुसरी वाट होती कीं नाहीं हें पाहिल्याशिवाय होकाराची किंमत ठरवितां येत नाहीं, असा याचा अर्थ मी करतों.

याच कसोटीनें हॅनाची गोष्टही पुन्हां तपासली पाहिजे. तो सुखवस्तु आणि ती मोलकरीण. रोजनिशी लिहिण्याचा आग्रहही त्याचाच. तिच्या होकारांत वर्गाच्या उतरंडीचा भार मुळींच नव्हता असें मला छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं. आणखी एक गोष्ट मनाला टोंचते. 1862 मध्यें तिनें अंगाला काळें फासून गुलामाच्या वेषांत फोटो काढविला. त्याच वर्षीं अमेरिकेंत चाळीस लाखांच्या आसपास माणसें खऱ्या गुलामगिरींत होतीं व त्यासाठीं युद्ध पेटलें होतें. दोन माणसांनीं आपसांत काय करावें हा त्यांचा प्रश्न. परंतु दुसऱ्याच्या जखमेचा रंग उसना घेऊन आपलें चित्र रंगवूं नये, एवढी अपेक्षा गैर नाहीं. आजच्या जोडप्यांनींही तीं नांवें वापरतांना याचा विचार करावा.

नारदाच्याच ग्रंथांत दासाला मुक्त करण्याचा विधि आहे. संतुष्ट झालेल्या धन्यानें दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घडा उतरवून फोडावा, त्याच्या मस्तकावर अक्षता व फुलें यांसह पाणी शिंपडावें, आणि तूं आतां दास नाहींस असें तीन वेळां म्हणावें. विधि मोठा मनोहर आहे. पण घडा कोणाच्या खांद्यावर आणि तो फोडणारा हात कोणाचा, हें विसरतां येत नाहीं. स्वेच्छेच्या दास्यांत हा घडा ज्याचा त्यानें, वाटेल त्या क्षणीं, कारण न सांगतां फोडावयाचा असतो. तेवढें नसेल तर पहिल्या दिवसाची संमति कितीही खरी असो, ती दुसऱ्या दिवसाच्या कामाची नाहीं. मिल्लनें 1859 सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत स्वतःस विकण्याचा करार रद्दबातल ठरविला तो याच कारणासाठीं. त्या एका कृत्यानें माणूस पुढच्या साऱ्या निवडींचा हक्क गमावतो.

याच मिल्लनें 1851 मध्यें लग्नाच्या आधीं एक लेखी निवेदन करून ठेवलें होतें कीं, कायदा नवऱ्याला बायकोवर जे अधिकार देतो ते मला नकोत. ते टाकून देण्याचा कायदेशीर मार्ग नाहीं, म्हणून निदान निषेध नोंदवितों आणि ते कधींही न वापरण्याचें वचन देतों. सत्ता नको म्हणणाराला ती टाकतां येत नव्हती. ज्या घरीं असा मिल्ल नव्हता, तेथील स्त्रीची स्थिति काय असेल?

आपल्याकडे याचें उत्तर मुंबईच्या हायकोर्टांत मिळालें. रखमाबाईंचें लग्न लहानपणींच झालेलें होतें. मोठेपणीं त्यांनीं नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें, आणि नवऱ्यानें 1884 मध्यें फिर्याद केली. पहिला निकाल त्यांच्या बाजूनें झाला, पण अपिलांत तो फिरला आणि 1887 मध्यें हुकूम झाला कीं, नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें प्रकरण पैसे देऊन मिटलें आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. परंतु त्या हुकुमानें एक गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ केली. ज्या लक्षावधि स्त्रिया आनंदानें नांदत होत्या, त्यांच्याही दाराबाहेर तोच तुरुंग उभा होता. त्यांना बाहेर जावयाचें नसल्यामुळें तो दिसला नाहीं, इतकेंच.

आजीच्या गठ्ठ्यांतील एक पत्र माहेराहून लिहिलेलें आहे. भावाच्या बायकोचें बाळंतपण अवघड गेलें, म्हणून आणखी पंधरा दिवस राहूं द्यावें अशी त्यांत विनंती आहे, आणि खालीं तीच सही. कागदाच्या पाठीमागें आजोबांच्या हातचे दोनच शब्द आहेत: 'आठ दिवस'. आजोबा स्वभावानें प्रेमळ होते, असें सर्वच सांगतात. आजी आठव्या दिवशीं परत आली, हें आत्याला आठवत होतें, न येती तर काय झालें असतें, हें तिला मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "न यायला काय झालं? येणारच होती ती."