गोळी आणि विचारपूस

सावकाश बसा. पाठ टेकू द्या. श्वास आपल्या गतीने चालू द्या आणि मनात एक घर आणा. पुण्यात धनकवडीतलं, दोन खोल्यांचं. फ्रीजवर औषधांचा डबा, त्यात टॅमॉक्सिफेनची पट्टी. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस परत आले, भेटायला येणारे कमी झाले. उरली रोजची एक गोळी. पाच वर्षं, कुणाला दहाही.

त्या पाच वर्षांकडे नुसतं पाहा. पहिल्या महिन्यात ती बाई गोळी चुकवत नाही, कारण भीती ताजी असते. पुढे भीती ओसरते. अंगातून गरम वाफा मात्र निघत राहतात, रात्री झोप मोडते. "आता बरी तर आहे मी," असं मन म्हणू लागतं.

इथे थोडं थांबा. तिला निष्काळजी म्हणण्याची घाई नको. गोळी राहते ती दर वेळी विसरल्यामुळे नाही. कधी त्रास नकोसा होतो, कधी महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत, कधी मुलीच्या लग्नाच्या गडबडीत पट्टी संपून जाते.

आणि चुकलेली गोळी महागात पडते. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. त्यावर इमॅटिनिबची गोळी रोज घ्यावी लागते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या 87 रुग्णांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. दहातली एक किंवा त्याहून जास्त गोळ्या चुकवणाऱ्यांपैकी सुमारे 28 टक्क्यांचाच रोग सहा वर्षांत हवा तितका खाली गेला. नेमाने घेणाऱ्यांत हे प्रमाण 94 टक्के होतं.

मग मोबाइलवर आठवण पाठवली की झालं? अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या सातशेहून अधिक रुग्ण स्त्रियांवर हे करून पाहिलं. निम्म्या जणींना तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, औषधाचं महत्त्व सांगणारे मेसेज गेले. 2020 मध्ये निष्कर्ष आला: फरक पडला नाही.

आता केनियाकडे वळा. आजार वेगळा, एचआयव्ही. तिथे नर्स आठवड्यातून एकदा फक्त "कसे आहात?" असा मेसेज करायची. दोन दिवसांत उत्तर द्यायचं: ठीक आहे, किंवा अडचण आहे. अडचण सांगणाऱ्याला आणि गप्प राहणाऱ्यालाही फोन जायचा. ज्यांना मेसेज नव्हते त्यांच्यात औषध नियमित घेणारे 50 टक्के होते, मेसेज मिळणाऱ्यांत 62 टक्के निघाले. माझ्या मते फरक इथेच आहे: पलीकडे उत्तर वाचणारं माणूस होतं.

हे पुण्यात आणून पाहा. धनकवडीतल्या त्या घरचा स्मार्टफोन मुलाच्या खिशात, आणि मुलगा चाकणला शिफ्टवर. आईचा साधा फोन, अक्षरं बारीक. तिच्यासाठी मराठीत बोललेला निरोप हवा, आणि त्यात "कॅन्सर" हा शब्द नको, शेजारीण जवळ असू शकते. विचारणारी माणसं या शहरात आहेत. वारज्याचं सिपला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत शुश्रूषा करतं आहे. अशा विचारपुशीची यंत्रणा उभी करायची तर अशा माणसांच्या हाताखाली करावी, नुसत्या संगणकाच्या भरवशावर नाही.

तुमच्या नात्यात अशी कुणी मावशी, वहिनी असेल, तर आज तिला विचारा. "गोळी घेतलीस का?" असं नको. "गोळीने काही त्रास होतोय का?" असं विचारा. होतो म्हणाली, तर गोळी आपल्या मनाने बंद करू देऊ नका. तिच्या डॉक्टरांना फोन लावून द्या.