गाडीचे ॲव्हरेज आणि न्यायदर्शनातील कारणविचार

एका लिटर इंधनात मोटार जेवढे अंतर कापते त्याला मराठीत सर्रास ‘ॲव्हरेज’ म्हणतात; शब्दाचा अर्थ सरासरी, पण आकडा मात्र बहुधा एकाच वेळच्या भरण्यावरून काढलेला असतो. गाडी, चालक आणि रस्ता तेच असूनही एका खेपेला सोळाच्या पुढे गेलेला आकडा पुढच्या खेपेला पंधरावर उतरला, की मन तत्काळ कारण शोधू लागते आणि जे नुकतेच बदलले त्यालाच कारण ठरवते : पंप वेगळा होता, म्हणजे पेट्रोल खराब असणार.

या घाईला न्यायदर्शनाने शास्त्रीय आवर घातला आहे. नैयायिकांच्या मते कार्यापूर्वी नियमाने असणारी आणि अन्यथासिद्ध नसलेली गोष्ट म्हणजे कारण. अन्यथासिद्ध म्हणजे जी आधी हजर असते खरी, पण जिच्यावाचूनही कार्याची उपपत्ती लागते ती. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचानन यांच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात अन्यथासिद्धाचे 5 प्रकार सांगितले असून, शेवटच्याचे उदाहरण गाढवाचे आहे : एखाद्या घटाची माती गाढवाच्या पाठीवरून आलेली असते, परंतु घट घडण्यासाठी गाढव असलेच पाहिजे असे नाही. बदललेला पंपही पुष्कळदा याच वर्गात मोडतो.

त्याहून मूलभूत प्रश्न असा, की ज्याचे कारण शोधायचे ते कार्य मुळात घडले आहे का. जळालेले इंधन कोणालाच प्रत्यक्ष दिसत नाही. दिसते ते भरलेले इंधन, आणि टाकी दोन्ही वेळा सारख्याच पातळीपर्यंत भरली या गृहीतावर जळालेल्या इंधनाचे अनुमान उभे असते. हे गृहीतच कच्चे आहे. नोझलच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून हवा ओढली जात असते. पेट्रोल किंवा त्याचा फेस तिथवर चढून ती हवा अडली की नोझल आपोआप बंद होते, मग टाकीत जागा उरलेली असो वा नसो. त्यामुळे धार किती जोराची होती, नोझल किती आत गेले होते आणि गाडी कोणत्या बाजूला कलली होती, यांवर पातळी खालीवर होते. समजा, दर 400 किलोमीटरला 25 लिटर जळते आणि एका खेपेला नोझल 1 लिटर आधीच बंद झाले. तेव्हा 24 लिटर बसून हिशेब 16.7 येतो, आणि पुढच्या खेपेला टाकी नेहमीच्या पातळीला येताना 26 लिटर बसून तोच हिशेब 15.4 होतो. गाडीत तसूभर बदल नसताना सव्वा किलोमीटरचा फरक दिसला, आणि दोन्ही खेपा एकत्र धरताच, 800 किलोमीटरला 50 लिटर या प्रमाणाने, तो नाहीसाही झाला.

खरे फरक पडतच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्या, टायरमधील कमी हवा, एसी, खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतचा चढ, वेग दुप्पट होताच सुमारे चौपट होणारा हवेचा अवरोध, आणि पेट्रोलपेक्षा दर लिटरला कमी ऊर्जा देणाऱ्या इथेनॉलचे मिश्रण, ही सारी खरी कारणे होत. पण त्यांतले कोणतेही एकटे पुरेसे नसते. कार्य घडते ते कारणसामग्रीतून, म्हणजे एकत्र जमलेल्या सर्व कारणांच्या समुदायातून, आणि हा समुदाय दर खेपेला थोडा निराळा असतो.

हा विवेक निव्वळ बौद्धिक नाही, कारण एका भरण्याच्या आकड्यावरून पगारी चालकावर पेट्रोलचोरीचा आळ येऊ शकतो आणि त्याची रोजी जाऊ शकते. न्यायसूत्रांतील 16 पदार्थांत संशय आणि निर्णय हे दोन वेगळे पदार्थ मानले आहेत, आणि तो एकटा आकडा फार तर संशयापर्यंत नेतो. सलग 10 भरण्यांचा हिशेब मांडला, तर 250 लिटरमध्ये 1 लिटरची चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. एवढे करूनही आकडा उतरलेला दिसला, तर टायरच्या हवेपासून एकेक कारण बदलून पाहण्यास, म्हणजेच अन्वय (कारण असता कार्य असणे) आणि व्यतिरेक (कारण नसता कार्य नसणे) तपासण्यास, खरा आधार मिळतो.